शनिवारची नदी

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं मजेत असाल. माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य आपण सगळेच पत्राच्या सुरुवातीला सवयीने लिहितो. मी या वेळी ते मुद्दाम लिहिलं आहे, तेव्हा पुन्हा एकदा वाच.

रोज तुझ्याच घरी येत असताना पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. मी सकाळी आईजवळ येते तेव्हा तू दवाखान्यात गेलेला असतोस, आणि संध्याकाळी मी निघते तेव्हा आलेला नसतोस. फोन केला तर तिसऱ्या वाक्याला तुझा पेशंट येतो. पत्राला पेशंट येत नाहीत.

इकडे सगळं ठीक. वरच्या मजल्यावरच्यांचा नळ पुन्हा गळतो आहे आणि माझ्या न्हाणीघराच्या छताला पोपडे धरले आहेत. त्यांना दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझ्या पद्धतीने सांगेन.

आता नदीबद्दल. तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या बायकोने एकदाच विचारलं, “या वयात?” मी म्हटलं, “दुसरं कुठलं आणू?” तिथे विषय संपला. पण तुला माहीत असायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आयुष्यभर वॉर्डात लोकांना “हलू नका” म्हणत राहिले. मेट्रनची खुर्ची सोडली तेव्हा वाटलं, आता आपण जरा हलावं. कयाक म्हणजे शेंगेसारखी अरुंद, एका माणसाची होडी. कमरेभोवती रबरी पडदा घट्ट ताणून बसवतात, की होडी आणि आपण एकच. ती उलटली की आपणही उलटे. डोकं पाण्यात, पाय होडीत. मग वल्ह्याचा एक फटकारा आणि कमरेचा एक झटका, आणि होडीसकट सरळ व्हायचं. याला रोल म्हणतात. सगळा हिवाळा मी तरणतलावात तो शिकण्यात घालवला. तलावाचं पाणी जितकं नाकात गेलं, तितकं तू उभ्या जन्मात प्यायला नसशील.

सगळ्यांची चूक एकच. श्वास हवा म्हणून डोकं आधी वर काढतात, की होडी परत उलटते. डोकं सगळ्यात शेवटी यायला हवं. आमची शिकवणारी पोरगी, तिला सगळे ‘शिट्टी’ म्हणतात, काठावरून ओरडायची, “मॅडम, मान खाली! शाळेत मान खाली घालायला शिकवलं नाही का?” मी म्हटलं, “बाई, नन्सनी दहा वर्षं दुसरं काही शिकवलंच नाही.” ती हसली आणि मी पुन्हा उलटी झाले. त्या वेळी वर आले.

नदी निराळीच. पहिल्या मोसमात मी होडीत कमी आणि पाण्यात जास्त असे. मला ‘पाणबुडी’ नाव पडलं. तोंडावर म्हणत, मागून नव्हे, म्हणून चालवून घेतलं. खडक अंगावर येताना दिसला की जीव म्हणतो, लांब झुक. लांब झुकलं की पाणी होडीची प्रवाहाकडची कड पकडतं आणि तुम्हाला पालथं घालतं. झुकायचं खडकाच्याच अंगावर, त्याला खांदा देऊन. हे ऐकायला सोपं आहे. माझ्या अंगात ते उतरायला एक उन्हाळा गेला. ज्या दिवशी मी खडकाला खांदा दिला आणि होडी त्याच्या कडेने सरळ निघून गेली, त्या दिवशी मला कुणी शाबासकी दिली नाही, कारण कुणी पाहिलंच नाही. मला चाललं.

या मोसमात शिट्टीने मला शेवटची होडी दिली. म्हणजे काय, ते नीट समजून घे. सगळे एकामागून एक धावत्या पाण्यातून उतरतात. पुढे कुणी पडलं तर ते माणूस, त्याची होडी, त्याचं वल्हं, सगळं गोळा करायचं काम शेवटच्या होडीचं. तिच्या मागे कुणी नसतं. ज्याच्यावर भरवसा त्यालाच ती मिळते. आपल्या घरात मला कधी काही मिळालं ते कुणाला नको होतं म्हणून. हे तसं नव्हतं.

आमच्याकडे एक रीत आहे. पाण्यात उतरण्याआधी काठावर गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने आपलं दुखणं मोठ्याने सांगायचं. कुणाचा गुडघा, कुणाचा दमा. दुखणं असलं तरी चालतं. लपवलेलं चालत नाही, कारण त्याची किंमत दुसरा मोजतो.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी माझी पाळी आली. मी म्हटलं, “डावा खांदा. जुना आहे.”

“आणखी?” शिट्टीने विचारलं.

“काही नाही.”

“मॅडम, आणखी काही?”

“आता काय वय सांगू?”

सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, “तुमच्या भावांचा फोन होता. ते डॉक्टर आहेत ना? तुमच्या हृदयाच्या झडपेबद्दल बोलले. इथे माणसं तुमच्या भरवशावर पाण्यात उतरतात, मॅडम.”

नदीवरची माझी जोडीदार दातांची डॉक्टर आहे, मोजकं बोलणारी बाई. तिने हेल्मेटचा पट्टा लावता लावता फक्त एवढंच म्हटलं, “निदान मला तरी सांगायचं होतंत.”

धाकट्या, माझी झडप कशी आहे ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. तिला कधी काही झालेलं नाही. तिथल्या तिथे मी म्हणू शकले असते की माझा भाऊ खोटं बोलतो. म्हटलं नाही. घरची गोष्ट चव्हाट्यावर नको, ही आपल्याला लागलेली खोड. मी गप्प राहिले, आणि गप्प राहिले म्हणून सगळ्यांना खरं वाटलं. त्या दिवशी मी काठावर, पडलेल्याला फेकायची दोरी धरून उभी होते आणि माझ्या जागी शेवटच्या होडीत दुसरं कुणी होतं.

मला आजारी ठरवलंस त्याचं मला काही नाही. मला खोटी ठरवलंस. तीही जिथे खरं बोलण्यावर जीव अवलंबून असतात, तिथे. आणि शिट्टीचा नंबर तुझ्याकडे कसा, याचा मला शोध घ्यावा लागला नाही. मीच दिला होता. मला काही झालं तर कुणाला कळवायचं, असं विचारल्यावर मी तुझं नाव सांगितलं होतं, आणि तिचा नंबर तुला.

तू फोन का केलास, तेही मला माहीत आहे. टेकडीवरचं ते सुट्टीचं घर घेतल्यापासून तुम्हा दोघांना शनिवार-रविवार मोकळे हवे आहेत. सोमवार ते शुक्रवार आईजवळ मी असतेच. शनिवार-रविवारही ये, म्हणालास. मी नाही म्हटलं. तू “बरं” म्हणालास. इतक्या लवकर तू कधी “बरं” म्हणत नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आईला मी सगळं सांगितलं. ती उशीला टेकून ऐकत होती. म्हणाली, “लहानपणी तुझ्या हातातलं काही हवं असलं की तो आधी विचारायचा, ताई, तुझा हात दुखतोय का?” आणि मग तिने चहा मागितला.

मी तुझ्या ओळखीत नसलेल्या डॉक्टरकडे गेले. त्याने मला चालत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी लावल्या, आणि विचारलं, “तुम्ही नक्की कशासाठी आलात?” त्याचे कागद मी शिट्टीसमोर ठेवले. तिने वाचले आणि विचारलं, “मग ते असं का बोलले?” या वेळी मी घर झाकलं नाही.

परवाच्या शनिवारी पुन्हा गोल उभे राहिलो. मी म्हटलं, “डावा खांदा. आणि एक भाऊ.” दातांची डॉक्टर इतकी हसली की तिला हेल्मेट काढावं लागलं. पण शेवटच्या होडीत या मोसमात आता तीच आहे. शिट्टी म्हणाली, “तुमची चूक नाही मॅडम, पण जागा आता त्यांना दिली. पुढच्या वर्षी बघू.” बरोबरच आहे. माझ्या वयाच्या बाईला ‘पुढच्या वर्षी’ म्हणजे काय, ते तुला डॉक्टर म्हणून कळेल.

मधल्या मोठ्या उतारावर मी उलटले. खाली गार, काळं, कान बधिर करणारं पाणी. घाई केली नाही. वल्हं लावलं, झटका दिला, वर आले, आणि खडकामागच्या संथ पाण्यात जाऊन थांबले. मागून दातांची डॉक्टर आली, तिने नुसती मान हलवली आणि मी तिच्यापुढे निघाले. मला गोळा करायची गरज नव्हती.

तर आता व्यवस्था. शुक्रवारी संध्याकाळी आईला जेवायला वाढून मी तुमच्या घराबाहेर पडेन. सोमवारी सकाळी येईन. मधल्या वेळात तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या, आणि रात्री ती हाक मारेल तेव्हा उठायचं. आजवरसारखं बायकोवर टाकू नकोस. आई तुझी आहे. उचलताना तिच्या काखेत हात घालून ओढू नकोस, ती ओरडते. आधी तिला कुशीवर वळव, पाय खाली सोड, मग तिला तुझ्या खांद्यावर झुकू दे. पहिल्या खेपेला जमणार नाही. मलाही जमलं नव्हतं.

शनिवारी फोन करू नकोस. उचलणार नाही.

अजून तरी तुझीच,
ताई