जुनीच्या शेजारी नवी

४ मार्च, सकाळी ८
संकल्प. हिच्या लॅपटॉपमध्ये जुन्या सिस्टीमच्या शेजारी नवी सिस्टीम बसवायची. चालू करताना विचारेल, आज कोणती? हवी ती निवडायची. जुनी उठेपर्यंत चहा निवतो. नवी म्हणे टुणकन उठते, आणि फुकट.
ही लग्नानंतर सव्वीस वर्षांनी एम.ए. करतेय. मुलं बोलायला कशी शिकतात, हा विषय. बालवाडीतल्या अकरा मुलांचे बोबडे बोल दोन वर्षं रेकॉर्ड केलेत. वीस तारखेला प्रबंध द्यायचाय. सगळं ह्या एका डब्यात.
सरप्राइज. शून्यातून फर्निचरचा कारखाना उभा केला मी. हे तर नुसते दोन कप्पे पाडायचेत.

४ मार्च, दुपार
मेहुण्याला फोन. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. भावजी, आधी सगळ्याची कॉपी काढा, म्हणाला. तीनदा म्हणाला. नोकरदार माणूस, भीतीवर जगतो. कपाट सरकवताना आतल्या साड्यांची कॉपी काढतं का कुणी?

६ मार्च
नवी सिस्टीम भरलेला पेनड्राइव्ह तयार. तिसऱ्या खेपेला. आधीचे दोन पेनड्राइव्हच खराब.

८ मार्च, सकाळी ११. ही बालवाडीत
नवीला किती जागा, असं लॅपटॉपने विचारलं. निम्मी दिली. आपल्याकडे दुजाभाव नाही. एकसष्ट टक्क्यांवर अडलं. चाळीस मिनिटं वाट पाहिली, मग बटण दाबून बंद केला. परत चालू केल्यावर नवी नाही, जुनीही नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं. कान लावून पंखा ऐकला. करवतीचा दात गेलेला मला आवाजावरून कळतो. मशीन ठणठणीत आहे.

८ मार्च, संध्याकाळ
लॅपटॉप कुठाय, हिने विचारलं. म्हटलं, धूळ काढायला कारखान्यात नेलाय. तुमच्या कारखान्यात? धूळ काढायला? म्हणाली. हसलो. ती नाही हसली.

९ मार्च
पुन्हा पहिल्यापासून. शेजारी बसवायचं बटण दाबलंच जाईना. उरलं एकच, सगळं पुसून बसवा. विचार केला. आमच्या धंद्यात जुन्या लॅमिनेटवर नवं कुणी चिकटवत नाही, फुगतं. खरवडायचं, मगच गोंद. फाइलींचं म्हणाल तर त्या भिंतीतल्या वायरिंगसारख्या. लॅमिनेट काढलं म्हणून वायर जात नाही.
नक्की का, असं विचारलं त्याने. मला! हो दाबलं.
वीस मिनिटांत टुणकन उठला.

१० मार्च
हिच्या हातात दिला. फोल्डर कुठायत, म्हणाली. म्हटलं, जुनी सिस्टीम निवड. निवडायला काही आलंच नाही.
मेहुणा येऊन चार तास बसला. हिने मार्गदर्शक बाईंना मेल केलेलं पहिलं प्रकरण सापडलं. बाकी कॉपी कुठेच नाही. जाताना चपला घालत मला नुसतं ‘भावजी’ म्हणाला आणि तिथेच थांबला. धड बोलता येत नाही त्याला.

११ मार्च
तोडगा काढला. मुलं कुठे पळालीत? परत रेकॉर्ड कर, मी गाडी देतो. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, आता ती नीट बोलतात.
जरा वेळाने कळलं.

१५ मार्च
मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू, विषय बदलून. ही फोनवर बरं, बरं म्हणत होती. एवढं हळू बोलली तरी मला आतून ऐकू आलं.
म्हटलं, मशीन तरी फास्ट झालं. ही कुकर लावायला गेली. बहुधा ऐकू गेलं नसावं.

२३ मार्च
निवळलं! आठ दिवसांनी आपणहून बोलली. तेही कामाचं. एक खण करून हवाय, कुलपाचा. शेवटी माणूस आपल्याच माणसाकडे येतो. सागवान घालतो म्हटलं, काहीही चालेल म्हणाली. वह्या ठेवायच्यात. पुढचं सगळं हाताने लिहिणार.
कुलपाला दोन किल्ल्या येतात. एक तुला, दुसरी कुणाकडे ठेवू, विचारलं.
ती मोडून टाका, म्हणाली.