प्रार्थनेची हजेरी

सर, तुमच्याशी बोलावे असे गेले काही दिवस सारखे वाटते आहे, आणि विषय असा आहे की तो तुमच्याखेरीज कोणापुढे मांडायचा हे मला कळत नाही. तुम्ही गेलात त्याला आता फार वर्षे झाली. सोलापूरच्या कॉलेजात तुम्ही शिकवलेल्या अकाउंटन्सीवर मी अजून पोट भरतो. इथे नेदरलँड्समध्ये, ब्रेडा शहरातल्या एका मालवाहतूक कंपनीचे हिशेब पाहतो आणि रॉटरडॅमजवळच्या एका शांत वस्तीत राहतो. आज लिहायला बसलो आहे तो मात्र किळस आल्यामुळे. हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. राग असता तर तो एव्हाना उतरला असता.

आमच्या शेजारच्या रस्त्यावर घरांच्या खरेदी-विक्रीची दलाली करणारा एक डच गृहस्थ राहतो. वय माझ्याएवढेच, स्वभावाने मोकळा, बर्फ पडला की न सांगता आमच्याही दारापुढची वाट साफ करणारा. नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक स्थानिक पक्ष काढला आहे. एका शनिवारी तो कॉफीला आला आणि माझ्या पत्नीने पुढे ठेवलेला चिवडा चमच्याने खात म्हणाला, "तुझं नाव आमच्या उमेदवारांच्या यादीत हवं. तू नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचतोस म्हणे. इतका कंटाळवाणा माणूस या गावात दुसरा नाही. वित्त समितीत तूच हवास." मी हसलो, कारण ते खरे आहे. मी ते दरवर्षी वाचतो, त्यातल्या चुका काढतो आणि त्या कोणाला सांगाव्यात हे न कळून गप्प बसतो. इथे इतकी वर्षे कर भरले, मुलगी लहानाची मोठी केली, पण ज्या टेबलाभोवती गावाचे निर्णय होतात तिथे मला कोणी कधी बोलावले नव्हते. ते बोलावणे मला हवे होते, सर. किती हवे होते, हे त्या दिवशी कळले.

मग त्याने जाहीरनामा पुढे सरकवला. पहिलेच कलम असे होते की, गावाची माणसे एकमेकांपासून तुटत चालली आहेत. त्यांना बांधून ठेवील असे बळ एका ख्रिस्ती श्रद्धेतच आहे. म्हणून नगरपालिकेची प्रत्येक सभा पूर्वीसारखी प्रार्थनेने सुरू व्हावी. मी विचारले, "तू चर्चमध्ये जातोस?" तो मनापासून हसला. "मी? आजीला पुरलं त्या दिवशी गेलो होतो. अरे, हा श्रद्धेचा प्रश्न नाही. आपण कोण आहोत याचा आहे."

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक जुने चर्च आहे, म्हणजे होते. उपासनेला माणसे येईनाशी झाली, इमारत विकली गेली आणि तिच्यात सदनिका निघाल्या. त्या सदनिका याच गृहस्थाने विकल्या. उंच छत, मूळच्या रंगीत काचा, प्रसन्न शांतता, अशी त्याची जाहिरात होती. आम्हीही एक सदनिका पाहून आलो होतो. पाळक जिथे उभा राहत असेल, तिथे स्वयंपाकाचा ओटा होता. बाहेर पडल्यावर पत्नी म्हणाली, "देवाच्या जागी डिशवॉशर काही बरा दिसत नाही हो." आणि आता तोच माणूस मला सांगत होता की या गावाला ख्रिस्ताने एकत्र ठेवले आहे.

गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत, शिकवतानाचे तुमचे वाक्य मला तेव्हा शब्दशः आठवले. "किंमत मोजून घेतलेलं गुडविल तेवढं ताळेबंदात दाखवायचं. आपल्याच नावाची किंमत आपणच लावणारा दुकानदार एक तर मूर्ख असतो, नाहीतर कर्ज काढायला निघालेला असतो." या देशात अशीही गावे आहेत जिथे सभेआधी खरोखर प्रार्थना होते. तिथली माणसे रविवारी दोनदा उपासनेला जातात आणि त्या दिवशी दुकान उघडत नाहीत. राज्यकारभारात देव आणावा हे त्यांचे मत मला मान्य नाही. पण त्यांची किळस येत नाही, कारण त्यांनी किंमत मोजलेली आहे. याने चर्च विकून दलाली घेतली, आणि आता चर्चचे नावही वापरायला काढले आहे.

आमच्या मराठी मंडळात पुण्याचा एक तरुण आहे, आयटीतला, हुशार, उत्साही. त्याच्या कानावर हे गेले. "दादा, नाव देऊन टाका! गणपतीच्या हॉलसाठी दरवर्षी नाक घासतो आपण. आपला माणूस आत असलेला बरा." मी प्रार्थनेचे कलम सांगितले. "मग बिघडलं काय? त्यांचा देश, त्यांचा देव. देशाला एक मुख्य धर्म लागतोच, दादा. आणि खरं सांगू? हे आपल्यासाठी नाहीच आहे. कोणासाठी आहे ते तुम्हालाही माहितीये." असे म्हणून त्याने डोळा मारला. दुसऱ्या पंक्तीला बसवले तरी याला चालते, फक्त तिसरी पंक्त असली पाहिजे आणि तिच्यात दुसरे कोणी तरी बसले पाहिजे. त्या डोळा मारण्याचीही मला तितकीच किळस आली. किंबहुना जास्त, कारण तो माझ्या भाषेत मारलेला होता.

तुमची ती स्टाफरूम मला आता स्वच्छ दिसते आहे. प्रजासत्ताकदिनाला कॉलेजात राष्ट्रीय एकात्मतेचा कार्यक्रम आहे, मी विद्यार्थी प्रतिनिधी आहे, आणि प्रत्येक धर्माचा एक माणूस रंगमंचावर उभा करायचे ठरले आहे. तुम्ही जर्नल तपासत बसला आहात.

"सर, ख्रिश्चन म्हणून तुम्ही हवेत. मेणबत्ती आम्ही आणतो. फक्त गळ्यात क्रॉस दिसेल असा घाला."

"मी घालत नाही."

"एका दिवसापुरता, सर. तोही आम्हीच आणू."

"मेणबत्ती तुमची, क्रॉसही तुमचा. मग मी कशाला? कोणालाही उभं कर."

"पण सर, एकात्मतेसाठी आहे."

तुम्ही चष्मा काढता. "इतकी वर्षं इथं डेबिट-क्रेडिट शिकवतोय, तेव्हा मी तुमच्यातलाच होतो. नेमका एकात्मतेच्या दिवशी वेगळा निघालो होय? घरच्या माणसाला नमुना म्हणून कोणी उभं करत नाही, बाळ."

मी चिडून बाहेर पडतो. तुम्ही मला अडेलतट्टू वाटता. शेवटी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मेणबत्ती घेऊन उभा राहतो आणि टाळ्या तेवढ्याच पडतात.

त्याआधीच्या नाताळात तुम्ही मला घरी बोलावले होते. बाई स्वयंपाकघरात करंज्या तळत होत्या आणि तुम्ही ओट्याला टेकून, माझ्या हातात फराळाचा डबा देत, तुमच्या लहानपणीच्या मिशनच्या बोर्डिंगची गोष्ट सांगत होता. तिथे संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी घेत. बाई म्हणाल्या, "आणि हे मागच्या बाकावर झोपायचे, ते नाही सांगत." तुम्ही हसलात. "झोपायचो. पण हजेरी लागायची ना! प्रार्थनेची हजेरी घ्यायला लागले की मुलं देवाला नाही, रेक्टरला भितात. पुढे मी माझ्या माझ्या मनानं प्रार्थनेला बसायला लागलो, तेव्हा कुठं देव भेटला." हे सांगताना तुमचा आवाज खाली आला होता. तुमची श्रद्धा किती खरी होती, ते मला त्या स्वयंपाकघरात कळले. त्या श्रद्धेचे प्रदर्शन तुम्हाला का नको होते, ते कळायला मात्र मला पन्नाशी ओलांडावी लागली.

उमेदवारांच्या फोटोच्या दिवशी सकाळी शेजारी मला न्यायला आला. तोवर मी नाही म्हटले नव्हते, नाव यादीतच होते. त्याने आदल्या दिवशी फोनवर सुचवले होते, "तो तुमच्या सणाला घालतोस ना, लांब सदरा, रंगीत, तो घाल. उठून दिसेल." बाकीचे काय घालणार, हे मी विचारले होते. "बाकीचे? कोट." तो दारात उभा होता, कोटातच. मी त्याला म्हटले, आधी एक सांग. सभेत ज्याला ती प्रार्थना मान्य नाही, त्याने काय करायचे?

"काही नाही. नुसतं उभं राहायचं. तू राहशीलच. तुम्ही लोक अडचण करत नाही."

"आणि जे उभे राहणार नाहीत?"

"मग निदान कळेल तरी," तो म्हणाला, "कोण आपल्यातलं आहे आणि कोण नाही."

बर्फ केव्हा वितळेल हे सांगतो, त्याच आवाजात त्याने ते सांगितले. त्याच्या चेहऱ्यावर द्वेष नव्हता. असता तर सोपे गेले असते. ज्याला प्रार्थनेचा एक शब्द येत नाही, त्याला हजेरीपत्रक मात्र हवे होते. मी म्हटले, माझे नाव काढून टाक. तो चिडला नाही, खरोखर गोंधळला. "पण हे तुमच्याविरुद्ध नाही!"

"म्हणूनच," मी म्हणालो.

काल गावच्या साप्ताहिकात तो फोटो आला. कोटांच्या रांगेत एका टोकाला, रंगीत कपड्यांत, दुसरेच कोणी तरी हसत उभे आहे. कार्यक्रम तेव्हा तुमच्यावाचून अडला नव्हता, आता माझ्यावाचून अडलेला नाही. वित्त समितीत मी आता जाणार नाही. अंदाजपत्रकातल्या चुका पुढेही मला एकट्यालाच दिसतील, आणि दर वेळी थोडे वाईट वाटेल. आमचा शेजारी आजही हात करतो. मीही करतो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवले नसते. कारण वाचून तुम्हाला माझा अभिमान वाटला असता आणि मग पुढचे सांगावे लागले असते. त्या सकाळी तो दारात आला तेव्हा माझा मोरपंखी झब्बा खोलीत हँगरला तयार होता. पत्नीने नव्हे, मीच त्याला इस्त्री केली होती, कॉलरसुद्धा उलटून. कोण आपल्यातले आणि कोण नाही, हे वाक्य त्याने उच्चारले नसते, सर, तर मी तो घालून गेलो असतो.