कलमाचं बँडेज

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार. देवगड.
आजपासून एका जागी राहणार. ठरलं. हरिश्चंद्रमामा आजच्या बोटीने मुंबईला गेले. जाताना म्हणाले, शिमग्याला मी येईपर्यंत विहिरीजवळचं हापूसचं कलम नीट ठेवलंस तर बागेची राखण कायमची तुझी. नाहीतर तुझी वाट तुला. तीन वर्षांत माझी चार गावं आणि पाच नोकऱ्या झाल्या. हे काम सोपं. झाड कुठे पळून जात नाही.

५ फेब्रुवारी
कलम मोडलं. दोष सायकलचा. मामांचा गडी दत्ताराम, त्याची सायकल. तिला स्टँड नाही. बंदरात मोठं गलबत लागलंय असं ऐकलं म्हणून दोन मिनिटं कलमाला टेकवली. दोन तासांनी आलो तर सायकल आडवी आणि कलमही. साल एका बाजूने धरून होती, म्हणजे केस आशेची आहे.
संध्याकाळी ऑपरेशन. खोड सरळ केलं, दोन्हीकडून बांबूच्या कामट्या, वर शेणमाती, वर मामीच्या जुन्या लुगड्याची पट्टी. फर्स्ट क्लास. दत्ताराम म्हणाला, "एक महिनो हात लावू नको. लावलंस तर मरतला." महिना कशाला, वर्षभर लावणार नाही.

७ फेब्रुवारी
सोडून बघितलं. एकदाच. जुळतंय.

८ फेब्रुवारी, सकाळी ७
काल पट्टी सैल बसली असावी, म्हणून सोडून बांधली.
दुपारी २. सकाळी जास्त आवळली असावी.
जानकीमामी विहिरीवरून म्हणाली, "मेल्या, तुझो पाय मोडलो तर डॉक्टराक दिवसातून दोनदा प्लास्टर सोडूक सांगशीत?" मामी शिकलेली नाही.

१२ फेब्रुवारी
वरच्या पानांनी माना टाकल्या आहेत. विश्रांती घेत असावीत. हात लागायलाच नको म्हणून कुणकेश्वरला जाऊन येतो. संध्याकाळी परत.

१६ फेब्रुवारी
परत आलो. होडीवाले भली माणसं. जाळं ओढायला शिकलो, जवळजवळ. इकडे वरची पानं गळली. नवी यायची तर जुनी गळणारच.

२५ फेब्रुवारी
तांबूस, कोवळी सहा पानं आली. पट्टीच्या जरा खाली, पण आली. मामांना पत्र टाकलं: कलम मोडलं होतं, मी बरं केलं. मोडक्या झाडांचा दवाखाना काढावा. फोंडाघाटापर्यंत पेशंट येतील. दत्ताराम पानं बघून सायकल घेऊन निघून गेला. जळतो.

४ मार्च, मंगळवार
मामा आले. पट्टी सोडली तर वरचं खोड काटकीसारखं हातात आलं. खालचं एक पान चुरगळून हुंगलं, मलाही हुंगायला दिलं. म्हणाले, "ह्यो हापूस न्हय. जोडाखालचो रायवळाचो, गावठी आंब्याचो खुंट फुटलो. हापूस कवाच गेलो."
मग आता काय, असं विचारलं.
"खुंट बरो आसा. पावसात ह्याच्यावर दुसरो हापूस बांधतलंय. फकत तेवा तू हय नको."
खुंट बरा आहे, हे मामांनी स्वतः कबूल केलं. मामी माझी वळकटी बांधते आहे. बोट उद्या सकाळी.