तारामाशाची तजवीज

मी, प्रमिला रंगनाथ म्हसे, वय ६८, सेवानिवृत्त प्राध्यापिका, राहणार म्हसे वस्ती, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाही माणसाचा दबाव नाही. दबाव आहे तो बिबट्याचा. गेल्या सोमवारी संध्याकाळी लाईट गेली, म्हणून मी जनरेटर सुरू करायला बाहेर पडले, तेव्हा तो शेडपुढच्या, जनरेटरच्या ओट्यावर बसलेला होता. मी बॅटरीचा झोत टाकला. डोळे चमकले. तो उठला नाही. पाठ दाखवायची नाही एवढे मला सुचले. तशीच मागे सरकत दारापर्यंत आले, कडी लावली आणि फरशीवर बसले. हातातली किल्ली बराच वेळ सुटेना.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसे आली. चिखलात मोठ्या ठशांशेजारी लहान ठसे निघाले. मादी आहे, पिले उसात आहेत, अंधार पडल्यावर बाहेर पडू नका, असे त्यांनी सांगितले. मी म्हटले, हेच जरा लाईटलाही सांगा. ते हसले. मी हसले नव्हते.

मला भीती वाटते. हे एकदाच लिहिते. वर्गात मी कोणाला भ्यायले नाही आणि लोकांचा तोच समज आजवर टिकला आहे. दिवस कलला की माझे कान उसाकडे लागतात. पाते हलले तरी मी दाराची कडी पुन्हा तपासते. तरीही लाईट गेली तर मला त्या ओट्यापर्यंत जावेच लागणार आहे. त्याचे कारण माझ्या पुढच्या खोलीत, काचेच्या टाकीत आहे. माझ्या मालमत्तेत जीव असलेले तेवढे एकच असल्याने त्याची व्यवस्था आधी लिहिते.

कलम १. टाकी आणि तारामासा. नोकरीभर मी मुलांना तारामासा शिकवला, तो बरणीतला, औषधात बुडवलेला, पिवळा पडलेला. त्याच्या भुजांखाली शेकडो नळीसारखे पाय असतात आणि तो त्यांवर चालतो, हे मी फळ्यावर चित्र काढून सांगत असे. स्वतः कधी पाहिले नव्हते. मुलांना एकदा कोकणात किनाऱ्यावर न्यावे म्हणून मी अर्ज केला, तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी त्यावर 'प्रयोजन काय?' असा शेरा मारून तो परत पाठवला. त्या गृहस्थांना मी काही ठेवत नाही. ते आता हयात नाहीत, तरीही ठेवत नाही.

निवृत्तीनंतर मी टाकी मांडली. पोवळ्याचा खडक घरात ठेवणे कायद्याला मान्य नाही, म्हणून खडक कृत्रिम आहेत. समुद्राचे मीठ पिशव्यांनी येते आणि ते गाळलेल्या गोड्या पाण्यात मोजून मिसळावे लागते. माझे दीर हनुमंतभाऊजी पहिल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, आपल्या बोअरचं पानी खारंच हाय की. मीठ कशाला इकत आनता? हितं तर जमीनबी खारी झालीय." बोअरच्या खारेपणात खतांचा निचरा आहे, समुद्र नाही, हे त्यांना अजून पटलेले नाही.

पहिला तारामासा उपाशी मेला. नव्या टाकीतले पाणी नितळ दिसते, पण खडकावर अजून शेवाळाचा आणि सूक्ष्म जिवांचा थर धरलेला नसतो. तो चरणार कशावर? विकणाऱ्याने 'काही होत नाही मॅडम' म्हणून दिला. एका भुजेचे टोक पांढरे पडले, मग ती भुजा मऊ होऊन विरघळू लागली. तो ओरडत नाही, तडफडत नाही. आपण पाहिले नाही तर कळतही नाही. तेव्हापासून सकाळी उठल्यावर मी आधी भुजांची टोके पाहते, मग चष्मा पुसून पुन्हा पाहते.

आता जो आहे तो केशरी आहे, तळव्यात मावेल एवढा. हा थर धरल्यानंतर आणलेला आहे. माझ्या पश्चात तो टाकीसह माझी माजी विद्यार्थिनी आरती कडू, राहणार राहुरी, हिने न्यावा. तिची स्वतःची टाकी नवी आहे. त्याला तिच्या टाकीत सोडू नये, माझी टाकी खडकांसकट न्यावी. नेताना त्याला पाण्याबाहेर हवेत उचलू नये, पाण्यातच भांड्यात घ्यावे. आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करावी, कारण पाणी आटते, मीठ आटत नाही. बँकेतल्या ठेवीचे व्याज टाकीच्या खर्चासाठी आरतीला मिळावे. तारामासा मेला तर ते बंद. त्यानंतर मूळ ठेव कॉलेजच्या प्रयोगशाळेला द्यावी, मात्र नव्या बरण्या घेण्यासाठी नाही.

कलम २. तांब्याचा हंडा माझी जाऊ, हनुमंतभाऊजींची पत्नी राहीबाई हिला. अट अशी की तो टाकी असलेल्या खोलीत कधीही येता कामा नये. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी नगरला होते, तेव्हा राहीबाईने टाकीत भर घातली. पाणी गाळलेलेच घेतले, पण आधी ते रात्रभर ह्या हंड्यात ठेवले. तांबे ह्या जिवांना विष आहे. दुसरा तारामासा मी परत येईपर्यंत गेला होता. ती रडत म्हणाली, "आक्का, तांब्याचं पानी मानसाला लई चांगलं आसतंय. मंग त्या लेकराला का न्हाई?" मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. हंडा आमच्या सासूबाईंचा आहे आणि तिलाच मिळायला हवा होता.

कलम ३. घर. हे घर मी पगारातून बांधले. ते राहीबाईच्या एकटीच्या नावे व्हावे. तिचे नाव आजवर रेशनकार्डाखेरीज कुठेही लागलेले नाही. भाऊजींनी ह्यावर हरकत घेऊ नये. राहायला ते तिथेच असतील.

कलम ४. माझ्या वाट्याची जमीन हनुमंतभाऊजींना. ती तेच कसतात. परंतु घराच्या भिंतीपासून बैलगाडी वळेल एवढा पट्टा कायम मोकळा ठेवावा. गेल्या पावसाळ्यात ऊस लावताना मी हेच सांगितले होते. तेव्हा ते लोकांसमोर म्हणाले, "ऊस काय चावतुया व्हय वहिनी?" ऊस चावत नाही हे खरे आहे. त्यांनी शेडच्या ओट्याला खेटून सऱ्या काढल्या आणि आता हा ऊस दिवाळीनंतरच तुटणार आहे. मला काही झाले तर ती जनावराची चूक समजू नये. मादीला पिलांसाठी आडोसा हवा होता. तो तिला करून दिला गेला.

कलम ५. जनरेटर. माझे यजमान कै. रंगनाथ यांनी घेतलेला, डिझेलचा. घराजवळ आणा असे सांगणाऱ्यांसाठी : तो ओट्यात बोल्टने बसवलेला आहे. इन्व्हर्टरवर टाकीचा पंप आणि एक दिवा चालतो, पाणी गार ठेवणारा चिलर चालत नाही. ह्या दिवसांत चिलर बंद पडला की पाणी बघता बघता तापते. सोमवारी मी फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगत सोडल्या. त्या वितळल्या. तारामासा काचेवर वर सरकत आला आणि एक भुजा सैल पडली. दाराला पाठ लावून मी ते पाहत होते आणि कडी काढण्याचे धैर्य मला झाले नाही. लाईट आली म्हणून तो वाचला. पुढच्या वेळी मी जाईन. म्हणून हे लिहून ठेवले.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असा संकेत आहे. त्यामुळे खालील दोघांना काहीही ठेवलेले नाही. त्यांनी राग धरू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही : प्रमिला रंगनाथ म्हसे
साक्षीदार : १. भिमाजी गागरे, शेजारी. २. रामहरी तनपुरे, निवृत्त पोस्टमास्तर.
ठिकाण : म्हसे वस्ती. दिनांक : २४ एप्रिल २०२५.

नोंद. सह्या होताना आणि त्यानंतर जे घडले ते ह्याच कागदावर लिहीत आहे.

वाचन चालू असताना हनुमंतभाऊजी न बोलावता येऊन उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी सगळे ऐकले. कलम ४ झाल्यावर म्हणाले, "कागदावबी मला रागावलाच का?" भिमाजी म्हणाले, "तुला जिमीन दिली की. रागावनं त्याच्यासंगं फुकाट हाय." रामहरी सही करत असतानाच लाईट गेली.

 बाहेर अजून पुरता अंधार नव्हता, पण उसात होता. मी किल्ली घेऊन उठले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले, ते सर्वांनी पाहिले. भाऊजी उठून दारात आडवे आले.

"द्या हिकडं."

"बसा खाली. लेकरंबाळं आहेत तुम्हाला."

"मासा उकडंल तुमचा."

"तो मासा नाही. कितीदा सांगितले."

"जे आसंल ते. किल्ली द्या."

मी दिली. त्यांनी स्वयंपाकघरातून परात आणि पळी घेतली आणि वाजवत निघाले. आम्ही तिघे दारात उभे राहिलो. परातीचा आवाज शेडपर्यंत गेला आणि थांबला.  भिमाजींनी रामरक्षा सुरू केली आणि मध्येच विसरले. मग जनरेटर धडधडला. तरी परात वाजेना. जनरेटरच्या आवाजात ती ऐकू येणार नाही, हे मला सुचले नाही. मी दाराची चौकट धरून उभी होते.

ते आले. परात उंबऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "पल्याडच्या सरीत हाय ती. बघत हुती मला." कपाळावरून घाम ओघळत होता. पाणी प्यायले. मग म्हणाले, "उद्या गडी लावून भिंतीजवळचा पट्टा कापतो. कवळा हाय, वैरनीला जाईल." मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यांनी ती बंडीच्या खिशात टाकली. "ऱ्हाऊ द्या माज्याकडं. लाईट गेली की येतो. तुमी दार उघडायचं न्हाई."

टाकीचे पाणी गार होऊ लागले आहे. तारामासा काचेवर आहे, पाचही भुजा ताठ.

हस्तांतर : जनरेटरची किल्ली एक. माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून.
देणार : प्रमिला रंगनाथ म्हसे
घेणार : हनुमंत म्हसे