बय म्हणायला लाज वाटली

तुझा बाप माझ्याशी बोलत न्हाय, सून ताट आदळते, आणि दिघाशी गावभर झालंय की म्हातारीनं नातवाला परदेशात कोंडवला. हे सगळं तुझ्यापायी.

प्रितेश, आशीर्वाद मागाहून. आधी ऐक.

शेजारच्या राहीबाईला फोनात भाच्याचं खोटं तोंड दाखवून लुबाडली, तेव्हा तूच मला शिकवलंस, "बय, आता तोंड नि आवाज दोन्ही खोटे करतात. बोलणं आपलं वाटलं न्हाय तर सरळ न्हाय म्हणायचं." मी शिकले.

मग पोलंडातून फोन आला. तुझा पासपोर्ट चोरीला गेलेला, तिकडच्या मशीनला तुझं आधार कळेना, म्हणून तिथल्या पोलीस साहेबानं ओळख पटवायला घरचं माणूस मागितलं. दुभाषी बाई विचारते, "माताजी, ये आपका पोता है?" आणि तू ताठ बसून म्हणतोस, "आजी, मी प्रितेश. तुम्ही कशा आहात?"

तुम्ही! आपल्या घरात "कशी हायस गो बय" म्हणतात. मी म्हटलं, "ये हमारा नहीं है," आणि फोन ठेवला.

त्या गोऱ्याला आजी काय नि बय काय, दोन्ही सारखंच. मग लाज कोणाची वाटली तुला?

उद्या साहेब पुन्हा फोन लावणार हाय. हा कागद तिकडं पोचेस्तोवर तू म्हातारा होशील, म्हणून पाठवत न्हाय. पण उद्या मी विचारीन, "कोण रे तू?" उत्तर त्या बाईनं द्यायचं न्हाय, तुझ्या बापानंही न्हाय. तू द्यायचं, घरच्या तोंडानं.

तुझी बय