खिडकीला शिवलेलं झबलं

शिंपीमहाराज,

१९७४ साली तुझ्या बाबांना रात्रपाळी लागली, तेव्हा मी जुन्या छत्र्यांच्या काळ्या कापडाचा पडदा शिवला होता, खिडकीहून चारही बाजूंनी वीतभर मोठा. निवृत्त होईपर्यंत बाबा त्याच्याआड दिवसा घोरले. तू मात्र खिडकीला अंगासरसं झबलं शिवलंस, तेही लिंबाच्या रंगाचं! वर म्हणतोस, "आई, फिटिंग बघ." चुलीत घाल ते फिटिंग! चारही कडांनी ऊन येतं. रात्रभर वॉर्डात उभी राहणारी तुझी बायको काल जिन्यात पेंगून पडली. तुला पत्ता तरी आहे?

मी काळी चादर दुहेरी करून लावली आहे. सून गाढ झोपली आहे. तुझ्या पडद्याची दोन पायपुसणी झाली. मी तिच्या शेजारी बसले आहे. तू दुकानातच जेव. बेल वाजवलीस तर बघ.

आई