खर्रा नव्हता

चिरंजीव अंकुर,

सूनबाई रंजिता बरी आहे ना? माझ्या नातीचा, टीनाचा खोकला गेला काय? आणि तुझे दात? हे विचारायची मले लाज वाटते.

नशेचं इंजेक्शन सुटावं म्हणून दीड वर्ष तू रोज जिभेखाली गोळी धरलीस. माझ्या तोंडून शाबासकी निघाली नाही. दात काळे पडले तेव्हा मात्र पाहुण्यांसमोर म्हणालो, "याचा तंबाखूचा खर्रा काही सुटून नाही राहिला." तुझे खिसेही चाचपले, टीनाचं चॉकलेट निघालं. तू म्हणालास, "गोळीनंच दात जाऊन राहिले बाबा, आता गोळीच नको," आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या हातमागावर ठेवून, रंजिता-टीनाला घेऊन घर सोडून गेलास.

काल दाढ काढायला भंडाऱ्याला गेलो. तुझ्या गोळीचं सांगितलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोरगा खरं बोलला, काका. गोळी विरघळली की चूळ भरायची, तासाभरानं दात घासायचे. पण गोळी सोडायची नाही."

तू फोन उचलत नाहीस. माफीची दोन पत्रं लिहिली, पण पोस्टात न टाकता मागाखालीच ठेवली. हेही तिथंच जाईल, अशी भीती वाटते. दात गेले तर जाऊ दे रे, बापलेक दोघंही कवळी लावू. गोळी पुन्हा सुरू केलीस, एवढं लवकर लिहून कळव.

तुझा बाबा,
ईश्वर
आंधळगाव